परदेशात वाढलेल्या मुलांना गावी नेताना: तळकोकणातल्या सुट्टीची तयारी

लंडन, न्यू जर्सी, मेलबर्न किंवा दुबईहून मुलांना घेऊन सिंधुदुर्गातल्या आपल्या गावी जायचं ठरलं की पहिला प्रश्न तिकिटांचा वाटतो. खरा प्रश्न गावात किती रात्री राहायचं हा असतो, आणि बहुतेक बेत इथेच फसतात. तीन आठवड्यांच्या सुट्टीतले दहा दिवस मुंबई-पुण्याचे नातेवाईक घेतात, चार दिवस गोव्याचा समुद्रकिनारा घेतो आणि गावाच्या वाट्याला 'जाऊन येऊ' म्हणून दोन दिवस उरतात. दोन दिवसांत मुलांना दिसतं ते बंद घराचा कुबट वास, डास आणि गाल ओढणारी अनोळखी माणसं. त्यांचं पोट, झोप आणि भीड तिसऱ्या-चौथ्या दिवशी जागेवर येते. मग ती आपणहून अंगणाबाहेर पडतात. म्हणून सलग सहा रात्री हे किमान धरा, आठ मिळाल्या तर उत्तम. मुंबईतली लग्नं, मुंजी, जेवणावळी परतीच्या वाटेवर ठेवा. आधी ठेवल्या तर दमलेली, पोट बिघडलेली मुलं गावात पोचतात आणि गावाचे दिवस अंथरुणात जातात.

कुठला महिना

मुलांच्या शाळेचं वेळापत्रक आणि कोकणाचं वेळापत्रक सहसा जुळत नाही. हापूस, करवंदं, फणस यांचे दिवस एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तळकोकणात पाऊस उतरतो, आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठ्या सुट्ट्या साधारण तेव्हापासून पुढेच सुरू होतात. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर दोन गोष्टी आधीच मुलांना सांगून ठेवा: समुद्रात उतरायचं नाही आणि ताजी मोठी मासळी फारशी मिळणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. शेतलावणी, भरलेले व्हाळ (ओढे) आणि हिरवा सडा (कातळाचं पठार) मात्र याच दिवसांत बघायला मिळतो.

गणपतीत घर भरलेलं असतं, गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटवी सजलेली असते, रात्रभर भजनं चालतात. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला. तेव्हा परदेशातल्या शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे रजेचा अर्ज आधी करावा लागतो.

पहिल्या खेपेला मुलांना न्यायचं तर डिसेंबर-जानेवारी सगळ्यात सोपा. हवा कोरडी, रात्री गारवा, विहिरीला पाणी. कार्तिकी पौर्णिमेपासून गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात आणि जत्रेत रात्री दशावतार असतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा धरून जायचं असेल तर तिला ठरलेली तिथी नाही हे लक्षात ठेवा. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, तेव्हा तिकिटं तारीख जाहीर झाल्यावरच काढा. डिसेंबरचा तोटा एकच: नाताळच्या आठवड्यात गोव्याची विमानं महागतात आणि १ ते ३ जानेवारीच्या परतीच्या गाड्या भरलेल्या असतात. शाळेला सुट्टी लागताच निघून ३० डिसेंबरपर्यंत गाव आटोपता आलं तर हा ताण वाचतो.

कागदपत्रं

ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारी ओळख-पुस्तिका) असलेल्या मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ नव्या पासपोर्टमुळे होतो. इंग्लंड-अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या सरकारी संकेतस्थळावर चढवावा लागतो, पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत. याला शुल्क नाही आणि पुस्तिका बदलावी लागत नाही. पुस्तिका नव्यानं घ्यावी लागते ती विशी पूर्ण झाल्यावर निघालेल्या पासपोर्टनंतर, एकदाच. जुना पासपोर्ट सोबत ठेवण्याची सक्ती २०२१ मध्ये काढली. तरी पुस्तिकेवर जुनाच क्रमांक असेल तर तो बॅगेत असू द्या. परदेशातल्या विमानतळावरच्या काउंटरवरचा माणूस नियम वाचेपर्यंत रांग खोळंबते.

ओसीआय नसेल तर ई-व्हिसा. अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी जायला हवा, पण तीन आठवडे आधी करा, कारण फोटोचा आकार किंवा पासपोर्टच्या पानावरची चकाकी यावरूनही अर्ज परत येतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा, पत्त्यात 'जीओव्ही डॉट इन' आहे ना हे बघून. तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. आई किंवा बाबा एकट्यानंच मुलांना नेत असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र आणि मुलांच्या जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा.

पैशांचं थोडक्यात: अनिवासी भारतीयानं जुनं साधं बचत खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही, ते एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या. एनआरओ किंवा एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशांसाठीच्या) खात्याला अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती अशा काही देशांचा मोबाइल क्रमांक जोडून यूपीआय चालतं. हे निघण्याआधी घरूनच सुरू करून एक रुपया पाठवून बघा, कारण गावात रेंज नसताना बँकेचा ओटीपी येत नाही. यूपीआय असलं तरी दहा, वीस, पन्नासच्या नोटा लागतातच: देवळात, रिक्षाला, जत्रेत खाजं (जत्रेतला गोड खाऊ) घ्यायला. मागच्या खेपेची गुलाबी २००० ची नोट कपाटात सापडली तर ती दुकानात देऊ नका. ती आता रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच बदलून मिळते.

दवाखान्याची फेरी, निघण्याआधी सहा आठवडे

आपण इथलेच, आपल्याला काय होतंय, हा समज पालकांचा असतो. परदेशात वाढलेल्या मुलांच्या शरीराला इथल्या पाण्याची आणि जंतूंची ओळख नसते, आणि गावच्या घरी राहणारं मूल हॉटेलात राहणाऱ्या पर्यटकापेक्षा जास्त ठिकाणी पाणी पितं. हिपॅटायटिस ए आणि विषमज्वर (टायफॉइड) या दोन लशींबद्दल डॉक्टरांशी बोला. विषमज्वराचं इंजेक्शन प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावं लागतं आणि सहसा ते दोन वर्षांवरच्या मुलांना देतात. हिवतापाच्या गोळ्या हव्यात की नकोत, हेही जिल्हा आणि महिना सांगून विचारा. 'इंडियाला चाललोय' एवढंच सांगितलं तर सल्लाही मोघम मिळतो.

प्रवास: चुका कुठे होतात

वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळकडच्या लोकांनी विमान गोव्यातल्या मोपाला उतरवावं. सावंतवाडी तिथून तासाभराच्या आत आहे. गोव्याचा दुसरा विमानतळ, दाबोळी, लांब पडतो, तिकीट काढताना दोन्हीतलं कुठलं ते नीट बघा. मुंबईतही आता हीच काळजी घ्यायला हवी: २०२५ च्या डिसेंबरअखेर नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. आंतरराष्ट्रीय विमान सहारला (मुंबईच्या जुन्या विमानतळावर) उतरणार आणि पुढचं नवी मुंबईहून सुटणार असं तिकीट स्वस्त दिसतं, पण मध्ये सामान घेऊन अख्खं शहर ओलांडावं लागतं. दोन्ही विमानं सहारहून असली तरी मुंबईत सगळं सामान ताब्यात घेऊन, कस्टम पार करून ते परत द्यावं लागतं. मुलं बरोबर असताना मध्ये किमान चार तास ठेवा.

सामानाचं वजन हा दुसरा फटका. परदेशातून बऱ्याचदा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा येतात, देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच चालतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर (एकाच पीएनआरवर) असतील तर आंतरराष्ट्रीय वजन पुढेही धरतात, वेगवेगळी तिकिटं काढली तर जादा किलोचे पैसे भरावे लागतात.

रेल्वे मुलांना फार आवडते. बोगदे, पूल, दिवसा जाणारी मांडवी एक्स्प्रेस आणि तिच्यात फिरणारं खाणं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागते. २०२५ पासून तत्काळ तिकिटाला, आणि आरक्षण उघडल्यावरच्या सुरुवातीच्या वेळेलाही, आधारशी जोडलेलं आयआरसीटीसी खातं लागतं. तेव्हा हे काम भारतातल्या भाच्याकडे किंवा भावाकडे द्या आणि प्रवाशांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच अक्षरांसकट पाठवा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते अकरा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं. लांबच्या रात्रीच्या प्रवासात तो घ्याच.

गाड्यांतले तीन बारकावे. वंदे भारत कुडाळ आणि सावंतवाडीला थांबत नाही, कणकवलीला उतरून पुढे गाडी करावी लागते. तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे २० तारखेचं तिकीट असेल तर १९ तारखेच्या रात्री जेवून स्टेशनवर जायचं. या घोळात दर वर्षी कोणाची तरी गाडी चुकते. आणि मालवण, वेंगुर्ला, देवगडला रेल्वे नाही. पहाटे उतरणार असाल तर रिक्षा किंवा वडाप (माणशी भाडं घेणारी गाडी) मिळेल यावर विसंबू नका, गावातल्या ओळखीच्या गाडीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून ठेवा.

घर उघडणं

घर वर्षभर बंद असेल तर ही तयारी सगळ्यात मोठी. पोचायच्या दिवशी कुलूप उघडायचं, हा बेत कधीच करू नका. पंधरा दिवस आधी राखण ठेवणाऱ्या माणसाला किंवा शेजारच्या काकींना घर उघडायला सांगा आणि आधी मोबाइलवर चित्रफीत मागवा: प्रत्येक खोलीचं छप्पर, भिंतीचे खालचे कोपरे, संडास, पंप, मीटर. माकडांनी कौलं फोडलेली असतात, चिऱ्याच्या भिंतीतून वाळवी दरवाजाच्या चौकटीत चढलेली असते. कामांचे पैसे आधी पाठवा. गावातला माणूस भिडेनं मागत नाही आणि पैसे नसले की काम अर्धवट राहतं.

विजेचं बिल थकलं असेल तर महावितरणनं मीटर काढून नेलेलं असू शकतं. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला की थकबाकी परदेशातूनही दिसते आणि भरता येते, पण तोडलेली जोडणी परत यायला वेळ लागतो. हे महिनाभर आधी बघा. अमेरिकेतून आणलेली १२० व्होल्टची उपकरणं (केस वाळवायचं यंत्र, कुकर) इथल्या २३० व्होल्टवर जळतात. चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलली की चालतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा.

आता विहीर. आजी-आजोबा हेच पाणी प्यायचे, हे खरं आहे. मुलांसाठी मात्र ती विहीर निर्जंतुक करायलाच हवी. पालापाचोळा काढून घ्या, मग पाण्याचा हिशेब करा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, पाण्याच्या उंचीनं गुणा, आलेल्या संख्येला ०.७८५ नं गुणा. हे झाले घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर जवळपास १४,७०० लिटर. चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे इथे ३५ ते ४० ग्रॅम. पुडा जुना किंवा उघडा राहिलेला असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि उघड्या विहिरीत पानं कुजतातही, म्हणून अशा वेळी मात्रा दुप्पट धरतात.

पावडर थेट पाण्यात फेकू नका, ती तळाला बसते. बादलीत थोडं पाणी घालून आधी लगदा करा, गाठी मोडा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी वाढवून ढवळा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. चुना खाली बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरीनं विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वरखाली, आजूबाजूला जोरात हलवत राहा. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही. त्यानंतर तासभर पंप लावू नका. हे संध्याकाळी केलं की सकाळी पाणी तयार. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं साहित्य असतं. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळट रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. एवढं करूनही मुलांच्या पिण्याचं पाणी उकळूनच द्या, आणि दात घासायलाही तेच.

राहिलेलं घरातलं: गाद्या-गोधड्यांना दोन दिवस कडक ऊन, प्रत्येक खाटेला मच्छरदाणी, आणि कमोड नसेल तर संडासात ठेवायची खुर्ची. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण मूल तीन दिवस पोट दाबून बसलं की पुढची सुट्टी बिघडते. गावात कुठल्या कंपनीची रेंज आहे तेही शेजाऱ्यांनाच विचारा. तीच मुंबईत चांगली चालते असं नाही.

पहिले तीन दिवस पोटासाठी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेली मुलं पहाटे दोन-तीनला टक्क जागी होतात. गावात याचा त्रास कमी होतो, कारण पाचला घर जागं असतं. दुपारी दोन तासांच्या वर झोपू देऊ नका आणि संध्याकाळी उजेडात बाहेर ठेवा.

या दिवसांत पाहुणचाराची जेवणं घेऊ नका. सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज द्या, यापेक्षा सोसवणारं अन्न नाही. वाटीभर उकडे तांदूळ धुऊन सात वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजत ठेवायचे, पाऊण तास तरी. शीत बोटानं दाबलं की मोडतं पण पाण्यात विरघळलेलं नसतं, तेव्हा मीठ घालून उतरवायचं. घाईनं मोठ्या आचेवर केली तर पाणी वेगळं आणि शीत वेगळं राहतं. सोबत भाजलेला पापड, लोणच्याचा खार.

मासे चौथ्या दिवसापासून, आणि सुरुवात सुरमईनं. तिच्यात मधला काटा मोठा असतो, मुलं निवांत खातात. बांगडा शेजारी बसून शिकवायचा. तिसऱ्या, मुळे, कालवं मुलांना पहिल्या खेपेला देऊ नका. खाडीचं पाणी गढूळ असेल तर ती घाण शिंपल्यात साठते. सोलकढीचा नारळ उकळून गार केलेल्या पाण्यातच वाटायला सांगा, कारण ती कढवत नाहीत.

जुलाब लागलेच तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची. पेल्यात अख्खी पुडी घालणं ही नेहमीची चूक, त्यानं मिठाचं प्रमाण वाढून मूल आणखी कोरडं पडतं. गोड टेट्रापॅक पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. रक्त पडलं, ताप चढला किंवा सहा-सात तास लघवी झाली नाही तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या.

काय चावतं, काय खाजतं

चिऱ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात) आणि लाकडाच्या रचलेल्या ढिगात फुरसं हा विषारी साप असतो. मुलांना दोन सवयी लावा: काळोखात बॅटरीशिवाय आणि चपलेशिवाय पाय खाली टाकायचा नाही, गडग्याच्या भोकात हात घालायचा नाही. सकाळी बूट झटकून घालायचे, आत विंचू असू शकतो. साप चावला तर चिरा देणं, दोरी आवळणं, गावठी औषध यातलं काही करू नका. अवयव हलू न देता मुलाला उचलूनच गाडीत न्या आणि १०८ ला फोन करा. विंचवाच्या दंशालाही घरी बसू नका: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोकणातल्या डॉक्टरांना हा उपचार माहीत आहे, आणि तो जितक्या लवकर तितका चांगला. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, तिथे रात्री डॉक्टर असतात का, ओरोसचं जिल्हा रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून फोनमध्ये ठेवा. गंभीर दुखण्याला सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला नेतात.

सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत डिसेंबरपासून मेपर्यंत माकडतापाचा काळ असतो. तो गोचिडीमुळे पसरतो. काजूच्या बागेत पाचोळ्यात बसू देऊ नका, लांब पँट, मोजे आणि डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावूनच न्या आणि घरी आल्यावर अंग तपासून आंघोळ घाला. रानात मेलेलं माकड दिसलं तर लांब राहून आरोग्य केंद्राला कळवा. पावसाळ्यात गेलात तर पायाला जखम असताना शेतातल्या पाण्यात उतरू देऊ नका, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) होतो.

थंडीत खाजकुयरीच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि त्यांची लव अंगावर उडते. अशा वेळी चोळलं तर कुसं आणखी आत शिरतात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची बी मुलं दातानं फोडायला जातात. सालातल्या तेलानं ओठ भाजतात, हे आधीच सांगून ठेवा.

गावाशी ओळख

गावात प्रत्येक मुलाला एकच प्रश्न पन्नास वेळा येतो: "कोणाचो रे तू?" मुलीला असेल तर "कोणाचा गो तू?" याचं उत्तर विमानात पाठ करून घ्या. स्वतःचं नाव नंतर, आधी आजोबांचं नाव आणि वाडी. हे उत्तर आलं की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो आणि मुलाला त्या गावात जागा मिळते. घरात प्रमाण मराठी ऐकलेल्या मुलांना मालवणी कळत नाही, म्हणून 'खंय चललंस' (कुठे चाललास), 'जेवलंस काय', 'हंय ये' (इकडे ये) असं दहा वाक्यांचं शिक्षण महिनाभर आधी सुरू करा.

पोचल्यावर उंबऱ्यावर कोणी भाकरतुकडा ओवाळून टाकत असेल तर मुलांना घाईनं आत ओढू नका. दुसऱ्या दिवशी नारळ आणि विडा घेऊन ग्रामदेवतेकडे. गुरव गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं) घालताना प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मुलांना आधी सांगितलं तर ती मोठ्यानं म्हणतात, आणि आपलं, आजोबांचं नाव गाऱ्हाण्यात ऐकून थक्क होतात. मग भावकी. वाडीतलं एकही घर वगळू नका, पण दिवसाला चारच घरं, आणि मुलांना त्यातल्या दोनच ठिकाणी न्या.

आपलं बालपण मुलांना दाखवण्याची एक पद्धत फार चांगली लागू पडते. निघण्याआधी आपल्या आठवणीतला गावाचा नकाशा कागदावर काढा: शाळा, पाणंद, व्हाळ, आंबा, भूत असलेला वड. गावात तो कागद मुलांच्या हातात द्या आणि काय आहे, काय नाही याच्या खुणा त्यांना करू द्या. वाटाड्या तेच होतात. शाळा बघायची तर मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी विचारून मधल्या सुट्टीत जा. जनरल रजिस्टरमधली आपल्या नावाची ओळ दाखवा म्हणून नम्रपणे विनंती केली तर बहुधा दाखवतात.

वडीलधाऱ्यांचा आवाज नोंदवायचा असेल तर "जुन्या गोष्टी सांगा" असं विचारू नका, ती माणसं गप्प होतात. "पूर आला तेव्हा भात कुठे ठेवलेलं?", "तुमच्या लग्नात वऱ्हाड कुठून चालत आलं?" असं विचारा. पंखा बंद करा, फोन त्यांच्या छातीच्या उंचीवर, हाताच्या अंतरावर ठेवा, आणि सुरुवातीला नाव, नातं, तारीख बोलून घ्या. अर्धा तास पुरे.

समुद्रावर जायचं तर भरतीची वेळ कॅलेंडरवरून काढता येते: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. सहा तासांनी ओहोटी. मिनिटाचा हिशेब यात नसतो, तास-अर्धा तास पुढेमागे होतं. मुलांना ओहोटीच्या अखेरीला वाळूवर न्या आणि पाण्यात कुठे उतरायचं ते तिथल्या मच्छीमारांनाच विचारा. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोराला हात लावू द्या.

गावातलं बालपणीचं घर आता दुसऱ्याचं झालं असेल तर तिथे अचानक जाऊन उभे राहू नका. गावातल्या कोणाकडून आधी विचारा, त्या माणसालाच सोबत न्या, अंगणातच बसा आणि आत बोलावलं तरच आत जा. "इथे आमचं देवघर होतं" हे मुलांना परतीच्या वाटेवर सांगा. त्या घरच्या माणसांसमोर नको.

जमिनीची कामं सुट्टीत मिसळली की सुट्टी संपते. त्यासाठी एकच दिवस, एकाच माणसानं द्यायचा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत परदेशातूनही काढता येतो, तो आणि आठ-अ (खातेउतारा) आधीच काढून वाचून जा. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मात्र मिळू शकते. त्यामुळे वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडचं पहिलं काम तेच.

परतताना

इंग्लंडला दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूपही नाही. आंबा न्यायचा तर तिथला नियम आधी बघून घ्या. अमेरिकेत सामानातून आंबा नेता येत नाही, आणि जे काही खाण्याचं असेल ते जाहीर करायचंच. न सांगितलेल्या वस्तूला दंड होतो. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, तेलामुळे ते पेट घेणारं सामान धरतात. काजूगर, आमसुलं, कुळथाचं पीठ नीट बांधून न्या. आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली झाकणाला पट्टी लावून दोन पिशव्यांत, कपड्यांपासून लांब.

निघण्याच्या सकाळी पाण्याचा वरचा कॉक बंद, मेन स्विच खाली, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, तांदळाचे डबे रिकामे. वीजबिलाचे पैसे पुढच्या सहा महिन्यांचे आगाऊ भरता येतात. पुढच्या पावसासाठी दोन डझन जादा कौलं मागच्या पडवीत रचून ठेवा, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात प्रत्येक किल्लीला तिच्या दाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून तो जुडगा काकींच्या हातात द्या. चिठ्ठ्या मुलांकडून लिहून घ्या.